काकीच्या पट्टीतलं ढेकूळ

मुलांनो, जमीन चांगली की उतरलेली, हे रानात उभं राहूनच सांगता येतं असं मी मागच्या पत्रात लिहिलं, तेव्हा हे कोणी शिकवलं असं तुम्ही विचारलंत. माझ्या विधवा काकीनं. त्याच्या बदल्यात मी तिला काय दिलं, तेही लिहायला हवं.

आमची शेती निपाणीजवळ होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, साऱ्या रानात वर्षानुवर्षं तंबाखूच घेत. तंबाखूत गवताची काडी ठेवत नाहीत. सारखं कोळपून माती उघडी पडते. पावसाची उघडीप झाली की तिच्यावर पापडी धरायची, सखल भागात पाणी साचून राहायचं, आणि उन्हाळ्यात रान राखेसारखं फिकट दिसायचं. त्यातलीच एक थकलेली पट्टी आप्पांनी काकीला पोटापुरती काढून दिली होती.

काकीनं तिथं चार वर्षं तंबाखू लावली नाही. एका साली जोंधळ्यात तूर, दुसऱ्या साली भुईमूग. पालापाचोळा कुजवला, उन्हाळ्यात लेंडीखतासाठी धनगरांची मेंढरं बसवली. पट्टी काळी झाली. पावसानंतर गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसू लागल्या. "डोळ्यानं न्हाय, पायानं बघ गं," ती म्हणायची. "टाच रुतली पायजे."

मी बेळगावात इंग्रजी शाळेत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले ती हुशारी दाखवायलाच. घराच्या पुढच्या सोप्यात आप्पांसमोर पाण्याचे दोन काचेचे पेले ठेवले. एकात आमच्या रानातलं सुकं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात काकीच्या पट्टीतलं. आमचं बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं. काकीचं होतं तसंच राहिलं.

"बघा आप्पा, काकीची माती पाण्यातही धरून राहते, तुमच्या मातीपेक्षा चांगली!"

आप्पांनी काकीच्या ढेकळाचा पेला उचलून उजेडात धरला. "पट्टी तयार झाली म्हणायची," ते म्हणाले. "औंदा तिथं तंबाखू लावायची. तुझ्या काकीला सांग, आता माळाकडची पट्टी तिची."

माळाकडची म्हणजे सगळ्यांत उतरलेली. काकी दाराआड उभी होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून जे बोलायचं ते माझ्या तोंडून.

"आप्पास्नी इचार, चार वर्सं राबले मी. माझं काय चुकलं?"

मी विचारलं.

"चुकलं कुठं? झ्याक केलंय. माळाकडची बी तशीच कर म्हणावं. चार वर्सांनी बघू."

पायरीवर बसलेला गडी म्हणाला, "मेंढरं बसवण्यापरास धाकल्या वैनीच सवंग पडल्या की, मालक!"

आप्पा हसले. मीही हसले.

दिवाळीच्या सुट्टीत परत आले तेव्हा माळाकडची पट्टी पडीक होती. काकीनं तिथं दाणाही पेरला नव्हता.

"पेरून काय करू?" ती आईला म्हणाली. "माती सुधारली की जाणारच हातातनं."

"मग खाशील काय? आमच्या चुलीवर जेवून किती दिवस?"

आईनं तिला दुसऱ्या दिवसापासून रोजगारी बायकांबरोबर पान पोसावं म्हणून तंबाखूचे शेंडे खुडायला धाडलं, तिच्याच जुन्या पट्टीत. पानं सुपाएवढी झाली होती. चिकानं काकीची बोटं काळी पडली होती. मी आप्पांबरोबर बांधावर उभी होते.

"तुझ्या काकीला सांग, हात उचलून खुड म्हणावं," आप्पा म्हणाले. "एवढं पान कुठल्याच रानात न्हाय. उशीर झाला तर वाया जाईल."

मी सरीतून तिच्यापर्यंत गेले आणि शब्दन् शब्द सांगितला. काकीनं मान वर केली नाही. हात मात्र भराभर चालू लागले.