कडेचे चेहरे

कसबा बावड्यात डिजिटल बोर्ड, म्हणजे चौकात लागणारा फ्लेक्स, करून घ्यायचा तर लोक दस्तगीर शिकलगारकडे जातात. निदान आतापर्यंत जात होते. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळे त्याच्या कॉम्प्युटरवर जुळायचे. शाळेत माझ्या वर्गात शिकायला होता तेव्हा फळ्यावर सुविचार तो लिहायचा. अक्षर इतके नेटके, की पुसायला जीव होत नसे.

काही वर्षांपूर्वी त्याचे डोळे जळजळू लागले. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून सांगितले, स्क्रीनचा ताण आहे. दस्तगीर चिकाटीचा. त्याने एकेक सेटिंग बदलले. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतका खाली आणला, अक्षरे मोठी केली, संध्याकाळी पडदा पिवळसर होईल असे केले. फोटोचे रंग जुळवताना मात्र तो पिवळेपणा काढायचा, नाहीतर पुढारी निळे छापले जातात, असे त्याने मला हसत सांगितले होते. जळजळ खरोखरच थांबली. डोळ्यांचे जे काही असेल ते सेटिंगमध्ये दुरुस्त होते, अशी त्याची खात्रीच पटली. पुढे माउसचा बाण सापडेना, तेव्हा त्याने बाण मोठा केला. मग काळा केला. तरी हरवू लागला, तेव्हा बाणामागे शेपूट उमटेल असे केले.

त्याची बायको शाहिस्ता एकदा मला म्हणाली, "सर, चालताना दाराची चौकट लागतीया यास्नी. तुम्ही तरी सांगा की, मोठ्या दवाखान्यात चला म्हणून."

"अगं, कॉम्प्युटरवरनं उठलं की हुतंय तसं," दस्तगीर म्हणाला. "सर, आता नवीन सॉफ्टवेअर टाकलंय. सारखं डोळं मिचकाव, डोळं मिचकाव म्हणतंय. हिच्यापरास जास्त बोलतंय."

आम्ही तिघेही हसलो.

मग गणपतीच्या आधी आमच्या तालीम मंडळाच्या बोर्डाचे काम आले. आमच्याकडे बोर्डाच्या मध्यभागी कुणीही असो, कडेने सगळ्या कार्यकर्त्यांचे छोटे चेहरे लागतात. एखादा राहिला तर तो माणूस वर्षभर बोलत नाही. बोर्ड चौकात चढला आणि डाव्या कडेला मंडळाचा कार्यकर्ता सयाजी अर्धाच दिसला. उरलेला अर्धा शेजारच्या आकारामच्या फोटोखाली गेला होता.

सयाजी तडक दुकानात आला. मी तिथेच बसलो होतो.

"दस्तगीरभाई, एक डोळा आणि अर्धी मिशी तेवढी ठेवलीस की माझी! बाकीचा सयाजी कुठं पुरलास?"

"कुठं चुकलंय? दाखव."

सयाजीने पडद्याच्या कडेला बोट ठेवले. दस्तगीर समोर बघत होता.

"दाखव की."

"हे काय, दाखवलंय न्हवं?"

दस्तगीरने मान वळवली, तेव्हा त्याला बोट दिसले. सयाजीचा आवाज एकदम खाली आला. "सर," तो मला म्हणाला, "ह्याला घिऊन जावा कुठंतरी."

मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेले. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले, की ताण वेगळा आणि हा आजार वेगळा. कॉम्प्युटरने हे केलेले नाही. सेटिंगने आराम पडला तो ताणाला. आतली नस तेवढ्या काळात वाळत गेली, दोन्ही डोळ्यांची. कडेचे जे गेले ते परत येणार नाही. मधले थोडे उरले आहे, ते थेंबांनी टिकले तर टिकेल.

"मॅडम, जळजळ थांबली तवाच आलो असतो तर?"

त्यांनी थेंबांची चिठ्ठी लिहून त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "थेंब चुकवू नका."

आता तो एकेक फोटो पडद्याच्या मधोमध ओढून आणतो, चेहरा बघतो, पुन्हा कडेला नेऊन सोडतो. सोडला की तो त्याच्यापुरता नाहीसा होतो. एक बोर्ड करायला त्याला सगळा दिवस पुरत नाही. गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली आहेत.

परवा मी दुकानात असताना सयाजी रस्त्यावरूनच ओरडला, "भाई, डोळं बरं झालं की सांग! नवरात्राचा बोर्ड तुझ्याकडंच."

"सांगतो की," दस्तगीर म्हणाला.

शाहिस्ता उठून आत गेली.