शिंपल्यांचा चुरा

ज्याच्या बाजूने तुम्ही भांडता, त्याच्या अंगाला कधी हात लावून पाहिलाय? मी पाहिला नव्हता.

दिवाळे गावात आमच्या मागच्या अंगणात आत्याची एक तांबडी कोंबडी होती. मासळी विकून आली की आत्या खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले दगडाने फोडून तिच्यापुढे टाकायची. ते मी बंद केलं. वडिलांनी घरी आणलेल्या चळवळीच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलेली. खाडीत कारखान्यांचं पाणी येतं, हे मला पाठ होतं.

"विष घालतेस तिला," मी म्हणाले.

"आमी जल्मभर खाल्लं, मेलो का?" आत्या हसली. पण मी शिकलेली, म्हणून तिने ऐकलं. कोंबडीला नुसती कणी मिळू लागली.

काही आठवड्यांनी खुराड्यात बिनकवचाचं अंडं सापडलं. कोमट, ओल्या पिशवीसारखं. उचललं तसं तळहातावर पसरलं. शेजारीण म्हणाली, कुणीतरी करणी केली. मी म्हणाले, करणी नाही, प्रदूषण. पुरावा हाती लागल्याचा मला आनंद झाला होता, हे लिहायलाच हवं. पुढच्या प्रत्येक मऊ अंड्याचा मी फोटो काढला आणि पत्रक लिहायला बसले.

"तिला चुना पायजे, बाय," आत्या दारातून म्हणाली. "शिंपला दे. तुजं भाषन ती खानार हाय का?"

"एवढं छापून येऊ दे, आत्या. मग बघू."

छापायला निघाले त्या सकाळी कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून, शेपूट खाली टाकून उभी होती. मधूनच जोर करत होती. आत्या बाजारात गेलेली. मी कोंबडीचाही फोटो काढला आणि निघाले.

दुपारी गठ्ठा घेऊन आले, तेव्हा आत्या अंगणात बसली होती. समोर तिला शेकायला घेतलेलं कोमट पाण्याचं घमेलं, मांडीवर कोंबडी, तिची मान लोंबलेली. माझा हात धरून आत्याने कोंबडीच्या शेपटाखाली ठेवला. आत अडकलेलं मऊ अंडं हाताला लागत होतं.

"अरकलं व्हतं," एवढंच म्हणाली.

खाडी घाण आहे, हे मी आजही लिहीन. पण तो गठ्ठा मी वाटायला सोडलाच नाही. अजून कुठलंही पत्रक हातात घेतलं, की कागदाखाली मला ती ओली पिसं लागतात, आणि आत तो न निघालेला गोळा.

तुमच्याकडे कोंबडी असेल, तर आजच शिंपल्यांचा चुरा वाटीत घालून तिच्यापुढे ठेवा. आणि ती शेपूट टाकून उभी दिसली, तर हातातला फोन खाली ठेवा. आधी तिला उचला.