ट्रंकेवरचं नाव

आमचे बाबा फॅक्टरीत दारूगोळ्याच्या पेट्यांवर इंग्रजी अक्षरं काढत. त्याआधी ते सदर बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि तिथे त्यांचा हात कसा फिरायचा म्हणून सांगू! प्रत्येक अक्षराला खाली पाऊल, वर तुरा, मागे सावली. फॅक्टरीत साहेबाने पहिल्याच दिवशी ते सगळं पुसायला लावलं. सरळ रेघ, सारखी जाडी, टोकाला काही नको. बाबा घरी येऊन धुमसले, म्हणाले, ही काय अक्षरं झाली, नुसती हाडं. मग हळूहळू त्यांचंच मन वळलं. धावपळीत, अंधुक उजेडात, थकलेल्या जवानाला पेटीवरचं एका नजरेत कळायला हवं, हे त्यांना पटलं. पुढे तर ते आम्हालाच ऐकवत, अक्षर दुरून कळलं नाही तर ते काढायचंच कशाला?

दादा पलटणीत निघाला तेव्हा मात्र त्यांनी सारं शहाणपण गुंडाळून ठेवलं. फौजेच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव घालायचं होतं. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या ओसरीवर दुपारभर बसून बाबांनी त्या नावाला अशी वेलबुट्टी काढली, की ट्रंक रुखवतात शोभली असती. दादा हसू दाबत म्हणाला, "बाबा, पोरं चिडवतील मला. पेट्यांवर काढता तशी साधी काढा न." बाबांनी मुकाट्याने टर्पेंटाइनने सगळं पुसलं आणि पट्टी लावून नाव पुन्हा काढलं, रस्त्याच्या पलीकडून कळेल असं. मला ते बोडकं नाव मुळीच आवडलं नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण ती म्हणाली, चलो, गर्दीत सामान हरवणार तर नाही.

लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटले, बाबा डबल पाळी करून राहिले होते. एक दिवस तार आली, दादा बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे कुठेतरी आहे, असं आई सगळ्यांना बजावायची, आणि समोरच्याने मान खाली घातली की भयंकर चिडायची. मग निरोप आला, त्याच्या पलटणीतला एक जण गाडीने येतोय. आईने त्यातून तिला हवा तोच अर्थ काढला आणि बेसनाचे लाडू वळायला बसली.

गाडी फलाटाला लागत होती. आई प्रत्येक दारात दादाचा चेहरा शोधत होती, आणि बाबा एकदम बाकावर बसले.

"काहून बसले तुम्ही?" आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली.

मी बाबांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. पार शेवटच्या दारात एक अनोळखी जवान काळी ट्रंक धरून उभा होता. त्याचा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता. नाव दिसत होतं.

"नक्षी राहू द्यायला पाहिजे होती," बाबा म्हणाले. "जवळ येईपर्यंत तरी कळलं नसतं."

लाडवांची पिशवी छातीशी धरून आई पुढच्या दारात डोकावत होती. तिला हाक मारायची हिंमत आम्हा दोघांनाही होईना.