डेलिया टिअर्नीचा पाय आणि लोटी मार्बेलची नजर

लोटी मार्बेल वारली तेव्हा बॉस्टनमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आपण तिला पहिल्या रांगेतून पाहिल्याचं आठवलं. ग्लोरिया थिएटरची पहिली रांग खरोखर एवढी लांब असती, तर तिचं एक टोक बंदरात बुडालं असतं. कुणी म्हणे, तिनं माझ्याकडे बघून हातमोजा फेकला. कुणी म्हणे, माझ्याकडे बघून लाजली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या डेलिया टिअर्नीनं मात्र तिला जन्मात नाचताना पाहिलं नाही. आणि गंमत अशी, की लोटीची लोटी मार्बेल झाली ती डेलियामुळे.

डेलिया तेव्हा पंचविशीची विधवा होती आणि ग्लोरियाच्या तिकीटखिडकीत बसायची. स्वभावानं भित्री. भित्री म्हणजे अशी, की ट्रामच्या कंडक्टरनं तिकीट मागितलं तरी हिला आपण चोरी केल्यासारखं वाटायचं आणि हातातलं तिकीट सापडायचं नाही. अशा बाईला त्या जागी बसवणारा मॅनेजर एक तर मूर्ख असला पाहिजे किंवा फार हुशार. तो कोण होता हे त्याचं त्यालाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

कारण तिकिटं विकणं हे तिथलं खरं काम नव्हतंच. खिडकीच्या आत, स्टुलाच्या पायाशी, लोखंडाचं एक पेडल होतं. नाचगाण्यांत काही अश्लील नाही ना हे तपासणारा सरकारी माणूस दारात दिसला, की ते पायानं दाबायचं. दाबलं की आत स्टेजच्या कडेला, दिव्यांच्या रांगेत, एक लाल दिवा लागायचा. मग आतलं जगच पालटायचं. विदूषक नवरा-बायकोचा अर्धा विनोद गिळून हवापाण्यावर बोलायला लागायचा. एकेक कपडा उतरवत नाचणारी लोटी अर्धा उतरवलेला हातमोजा पुन्हा कोपरापर्यंत चढवायची, हात जोडायची आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या आईचं गाणं म्हणायची. तपासनीस डोळे पुसत घरी जायचा.

डेलियाला मात्र प्रत्येकच माणूस तपासनीस वाटायचा.

"अगं बये, आज कोण होता?" खेळ संपल्यावर लोटी खिडकीशी येऊन कमरेवर हात ठेवून विचारायची.

"काळा कोट होता, बाई. आणि बूट फार चकचकीत होते."

"तो मर्फी! प्रेतं पुरण्याचा धंदा आहे त्याचा. बिचारा जिवंत माणूस बघायला येतो, आणि तू त्याला माझी म्हातारी आई दाखवलीस."

"चुकलं, बाई."

"आणि काल?"

"काल एकाच्या वहीत पेन्सिल खोचलेली होती."

लोटी हसून हसून दाराला टेकायची. मॅनेजरनं दोनदा डेलियाला काढायचं ठरवलं, पण लोटीनंच अडवलं. "राहू दे तिला. ती घाबरते म्हणून मी अजून तुरुंगाबाहेर आहे," ती म्हणाली. तिनं हे थट्टेत म्हटलं. पण डेलियाला कुणाचा आधार होण्याचीसुद्धा भीतीच वाटायची.

तिची खरी भीती वेगळीच होती, आणि ती घरी सैपाकघरात बसून जपमाळ ओढत असायची. नवरा टॉम साथीच्या तापात गेल्यापासून डेलिया आणि तिची चिमुरडी विनी सासूच्या घरात राहत होत्या. घर सासूचं, कोळसा सासूचा, आणि चर्चच्या वस्तीतला पाद्री, पोलीस सार्जंट आणि वकील, तिघंही सासूच्या शब्दाबाहेर नव्हते. म्हातारीला सांगितलं होतं, की डेलिया साउथ स्टेशनवर तिकिटं विकते. तिकिटं विकते हे तर खरंच होतं. पण टॉमच्या मातीहून परतल्यावर म्हातारी जे बोलली होती ते डेलिया रोज जिना उतरताना मनात ऐकायची.

"हे बघ, टॉमचं नाव खराब होईल असं काही केलंस तर दार उघडं आहे. तू जा. पोर कुठे जाणार नाही."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर डेलियाला कदाचित कमी भीती वाटली असती.

तर त्या हिवाळ्यात जुना तपासनीस निवृत्त झाला आणि नवा नेमला. नाव कुणालाच माहीत नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "नवा आहे, म्हणजे कडक असणार. डेलिया, आता तू मर्फीला घाबरलीस तरी मी बोलणार नाही." एका दुपारी बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आत लोटीचा नाच रंगला होता, शिट्ट्यांनी दारं हलत होती. काचेचं दार ढकलून एक माणूस आत आला. टोपीवरचं बर्फ झटकलं. कोटाच्या कॉलरला परवाना खात्याचा नवा बिल्ला होता.

तो मिस्टर क्रोनिन होता. डेलियाच्याच चर्चमधला. दर रविवारी वर्गणीची टोपली घेऊन तिच्या बाकापाशी यायचा आणि शुक्रवारी तिच्या सासूशी पत्ते खेळायचा.

डेलिया खाली गेली. वाकली म्हणणं बरोबर नाही, ती स्टुलावरून वितळून खाली उतरली. काउंटरच्या आड धुळीत गुडघ्यांवर बसली. आणि पाहते तो पेडल तिच्या नाकासमोर. बोट लांबवलं असतं तरी दाबलं गेलं असतं.

पण ते पेडल दाबताना खटकन वाजायचं. तेल घाला, तेल घाला म्हणून ती महिनाभर मॅनेजरच्या मागे होती.

"कुणी आहे का?" क्रोनिननं नाण्यानं काच वाजवली. आवाज अगदी टोपली पुढे करतानाचा, मऊ. "बाई? आहे का कुणी?"

डेलियानं श्वास रोखला. तो वाकून बघतो आहे असं तिला वाटलं. खटका वाजला तर बघणारच. विनी आत्ता घरी खिडकीपाशी बसून बर्फात बोटानं घोडा काढत असेल. दार उघडं आहे. पोर कुठे जाणार नाही. काउंटरखालच्या फटीतून तिला त्याचे बूट दिसत होते. बूट वळले. थांबले. एकेक टाच झटकून बर्फ पाडलं. आता जातील, मग दाबते, आता जातील. बूट गेले. तिनं हात पुढे केला, पण बोटं थिजली होती, ती आपली नव्हतीच. आणि तेवढ्यात आतल्या शिट्ट्या एकदम बंद झाल्या.

अशी शांतता तिनं ग्लोरियात कधी ऐकली नव्हती. ती मागच्या दारानं पळाली. कोटसुद्धा घेतला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लोटीला पोलिसांच्या गाडीत चढवताना कुणीतरी फोटो काढला. अंगाभोवती घोड्याची घोंगडी, एका पायात मोजा, हनुवटी वर. तो फोटो देशभर छापून आला. दोन आठवडे ती कोठडीत होती. बाहेर आली तेव्हा न्यूयॉर्कचे तीन मॅनेजर दाराशी उभे होते. पेपरवाल्यांनी विचारलं, लाल दिवा का लागला नाही? ती म्हणाली, "बल्ब उडाला होता. माझं नशीब एका फुटक्या बल्बनं उजळलं." लोकांना ते फार आवडलं. आणि तेव्हापासून तिची ती प्रसिद्ध नजर सुरू झाली. नाचताना पापण्या खाली, सतत खाली. एवढी धीट बाई आणि एवढी लाजरी नजर, म्हणून लोक वेडे झाले.

डेलिया इकडे धुलाईच्या कारखान्यात इस्त्री करू लागली. सासूला सांगितलं, स्टेशनानं माणसं कमी केली. रस्त्यावर लोटीची जाहिरात दिसली की ती पलीकडच्या फुटपाथवरून जायची. एक दिवस ही येणार आणि चारचौघांत विचारणार, याची तिला खात्री होती.

आणि लोटी आली.

शनिवार होता. भट्टीत बीन्स शिजत होते. दार वाजलं, सासूनं उघडलं. दारात लांडग्याच्या कातड्याची कॉलर, लाल हॅट आणि कानांत पिंपळपानाएवढे लोंबते डूल. तिच्यामागे, जिन्यातल्या आपापल्या दारांतून, आम्ही खालच्या मजल्यावरचे सगळे माना वर करून बघत होतो. अशी हॅट आमच्या जिन्यानं तोवर पाहिली नव्हती.

"डेलिया इथंच राहते ना?"

सासू वळली. डेलियानं हातातली बशी छातीशी धरली. चेहरा पिठासारखा.

"आई, ह्या... ह्या स्टेशनवरच्या बाई."

लोटीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग केस सारखे करायच्या निमित्तानं दोन्ही डूल काढून मुठीत घेतले. जन्मात पहिल्यांदाच काहीतरी उतरवून ती जास्त सभ्य दिसली असेल.

"मी मिसेस फर्ग्युसन," ती म्हणाली. आवाज एकदम शाळामास्तरणीचा. "बायकांच्या वेटिंग रूमची व्यवस्था माझ्याकडे असते. आत येऊ?"

सासूनं चांगले कप काढले. ते पाद्री आला तरच निघायचे. डेलिया चुलीकडे तोंड करून उभीच राहिली.

"तुमच्या डोळ्यांना काळं लागलंय," विनी म्हणाली.

डेलियानं पटकन विनीला मागे ओढलं.

"कोळशाची इंजिनं ना, बाळ. स्टेशनात सगळ्यांचीच तोंडं काळी."

"खरं आहे," सासू म्हणाली. "डेलिया काळी होऊन यायची." डेलिया कधीही काळी होऊन आली नव्हती. पण म्हातारीला पाहुणी आवडली होती, आणि आवडलेल्या माणसासाठी ती आठवणीसुद्धा नव्या करायची. "आमच्या हिला परत घेताय का?"

"त्यासाठीच आले. न्यूयॉर्कच्या स्टेशनात माझ्या हाताखाली जागा आहे. पण आधी तिच्याशी दोन शब्द बोलायचेत. नियम असतात ना."

जिना अर्धा उतरून दोघी उभ्या राहिल्या. लोटीनं भिंतीला पाठ टेकली आणि तिचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. वरचं दार तिनं मुद्दाम उघडंच ठेवलं होतं.

"दार लावू नकोस. कोठडीत होते ना, तेव्हापासून बंद दारामागं मला श्वास घेता येत नाही." मग ती हळू बोलू लागली. "ऐक. माझ्या नव्या थिएटरात खिडकीवर तरणी पोरं आहेत. पोरीबाळींशी गप्पा मारत बसतात. मी नाचते तेव्हा माझे डोळे दिव्यावर. लोकांना वाटतं लाजते. लाजते कसली, मी लाल दिव्याची वाट बघत असते, डेलिया. प्रत्येक खेळाला. मला धीट माणसं नकोत. मला तू हवीस. तुझ्याइतकी घाबरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही."

डेलियाला वाटलं, होय म्हणावं. होय म्हटलं की सगळं मिटेल. पण न्यूयॉर्कला रोज त्या खिडकीत बसायचं, आणि आत ही बाई आपल्या भरवशावर खाली बघत नाचणार. ती भीती बाकी सगळ्यांपेक्षा मोठी निघाली.

"बल्ब चांगला होता," ती म्हणाली.

"काय?"

"बल्ब उडाला नव्हता. तो तपासनीस आमच्या चर्चमधला. मी खाली लपले. त्यानं मला बघितलं असतं तर सासूनं विनीला माझ्यापासून काढून घेतली असती."

"पाय पोचला नाही?"

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती.

"हातसुद्धा पोचत होता."

लोटीनं मूठ उघडली. मुठीतले डूल तिनं एकेक करून कानांत घातले. दुसऱ्याला वेळ लागला. डेलियाला कळलं नाही, की ही रागावलीय का घाबरलीय.

"मी बल्ब सांगितलाय लोकांना. तो तसाच राहू दे," शेवटी ती म्हणाली. "खरं धरून बसले तर मला कुठल्याच खिडकीच्या भरवशावर नाचता यायचं नाही. पण माझ्या खिडकीवर मला पोर नसलेली बाई हवी, डेलिया."

ती उतरून गेली. आम्ही आपापली दारं लोटली. डेलिया वर आली तेव्हा सासू लांबडा चमचा घेऊन बीन्स ढवळत होती.

"काय म्हणाली? कधीपासून?"

"नाही म्हणाल्या, आई."

"का म्हणून?"

डेलियाच्या तोंडून खरंच बाहेर पडलं. "मला पोर आहे म्हणून."

म्हातारीनं चमचा भांड्यावर आपटला. "पोर आहे म्हणून? मग काय, टाकून यायची पोर? आणि मी एवढे चांगले कप काढले! खड्ड्यात जाऊ दे ती नोकरी. पोर आईपाशीच राहील, त्या बाईला म्हणावं, इथंच, आईपाशी."

डेलिया भिंतीला धरून खाली बसली. सासूला वाटलं, नोकरी गेली म्हणून. तिनं एका कपात चहा ओतला, त्यात स्वतःच्या बाटलीतले दोन थेंब घातले आणि डेलियाच्या हातात दिला. पण डेलियाला तो तोंडापर्यंत नेता येईना. म्हातारी तो ‘आईपाशी’चा शब्द कुठल्या क्षणी परत घेईल, याची ती वाट बघत होती.