वरून पाणी

पहिली चापट बसली तेव्हा माझ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. दुसरी बसली तेव्हा तांब्या खाली पडला होता आणि मीही. तिसरी लाथ होती. पोटात. वर बघितलं तर पाटलाचा थोरला लेक उभा होता, हातात टिकाव, आणि ओरडत होता, "रांजण बाटवला रे हिनं! सगळा रांजण बाटवला!"

आमचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडचं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. शाळेच्या पटांगणात तरुण पोरांचं शिबिर लागलं होतं, पाणलोटाचं. हा शब्दच तोवर आम्ही ऐकला नव्हता. औरंगाबादहून एक सर आले होते. खादीचा सदरा, चष्मा, गोड आवाज. डोंगराच्या माथ्यावर पडलेलं पाणी पायथ्याच्या विहिरीपर्यंत कसं येतं, वाटेत त्याला कुठं अडवायचं, कसं जिरवायचं, ते समजावून सांगायचे. सकाळी श्रमदान, दुपारी वर्ग. मी नववीत होते. बौद्धवाड्यातली आम्ही चार-पाच जणं जायचो, बाकी सगळी गावातली.

खोटं कशाला बोलू? वेड लागलं होतं मला त्या वर्गाचं. दुष्काळी कामावर मायसोबत खडी फोडून माझे तळहात सोलून निघाले होते. तेव्हा सगळे म्हणायचे, नशीब. हा माणूस म्हणत होता, नशीब नाही, उतार. उतार ओळखा आणि पाणी धरा. शिबिरात आम्ही नाल्यावर दगडी बांध घालणार होतो. जागा सरांनीच निवडली होती, आमच्या वस्तीच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. बांध झाला की पाणी मुरून आमच्या विहिरीत उतरणार होतं. नाहीतर दिवाळी सरली की ही विहीर तळ दाखवायची. मग माय आणि वस्तीतल्या बाया पाटलाच्या विहिरीवर जाऊन लांब उभ्या राहायच्या. कुणी तरी वरून ओतेल म्हणून.

वरून ओतणं ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. दोन्ही हातांची ओंजळ करायची, तोंडाशी धरायची, कमरेत वाकायचं. समोरचा उंचावरून धार सोडतो. त्याचं भांडं तुमच्या हाताला लागता कामा नये. अर्धं पाणी कोपरावरून गळून झंपर भिजतो. धार थांबली की तुमची तहान भागली. शिबिरातही हेच. कडुनिंबाखाली पिण्याचा रांजण होता. गावातली पोरं तांब्या बुडवून प्यायची, आम्हाला पाटलाचा लेक वरून ओतायचा. सर रोज बघायचे. बघायचे आणि चष्मा पुसत बसायचे.

त्या दुपारी सरांनी पटांगणात मातीचा डोंगर केला. बोटानं नाले काढले, खडे ठेवून बांध घातले. म्हणाले, "आता यावर पाऊस पाडायचा. कोण पाडतं?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर. "ये. हा तांब्या घे, पाणी आण." तांब्या घेतला आणि पळाले. डोक्यात तो डोंगर, ते नाले. पळत गेले आणि तांब्या रांजणात बुडवला. जात विसरले. एवढाच गुन्हा.

लाथ मारून त्याचं समाधान झालं नाही. त्यानं रांजणावर टिकाव घातला. रांजण फुटला. खापऱ्या उडाल्या, एक माझ्या पिंढरीत घुसली. पाणी पटांगणातून उताराला धावलं, गावातली पोरं पाय वर उचलून मागं सरली. ते थेट सरांच्या डोंगराला जाऊन भिडलं. नाले गेले, बांध गेले, चिखल झाला.

मी सरांकडं बघितलं. म्हणाले होते ना तेच, की आण म्हणून. म्हटलं, "सर, तुम्हीच..."

सर म्हणाले, "तुला कळायला पाहिजे होतं ना, बाळ."

बाळ म्हणाले. लाथेपेक्षा ते बाळ मला जास्त लागलं.

दिवस मावळायच्या आत पाटलाचा निरोप वस्तीत आला. बांधाची जागा बदलणार. पार वर, त्याच्या मोसंबीच्या बागेपाशी. जागा ठेवायची असेल तर पोरीनं शिबिराच्या समारोपाला यावं, सगळ्यांसमोर चूक कबूल करावी आणि नव्या रांजणाचं पाणी ओंजळीनं प्यावं. सर काय म्हणाले? सर म्हणाले म्हणे, गावानं समजुतीनं घ्यावं.

वस्ती आमच्या दारात जमली. माय माझ्या पिंढरीला हळद लावत होती. म्हणाली, "रोजच पीत व्हतीस ना ओंजळीनं? मंग अजून एक डाव पी. काय मरती का त्यानं? विहिरीला पाणी येऊन राह्यलंय अन् तू..." माझा बाप, आबा, भिंतीला टेकून बसला होता. दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडून आलेला माणूस. तो एवढंच म्हणाला, "तिची ओंजळ हाय. तिला ठरवू द्या."

समारोपाला जीपगाडीतून साहेब लोक आले. नव्या रांजणाला हार घातला होता. सरांनी भाषण केलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळे एक, असं काहीतरी. टाळ्या वाजल्या. मग पाटलानं स्वतः तांब्या भरून घेतला आणि हसून म्हणाला, "ये पोरी. ओंजळ कर."

मी गेले. आणि माझे हात आपोआप जुळायला लागले. मी काही ठरवायच्या आधीच. कंबरही वाकायला लागली. आपलेच हात असे परक्याचे चाकर झालेले बघून माझ्या अंगाची आग झाली. मी हात मागं नेले. पाठीवर एकात एक घट्ट धरले आणि ताठ उभी राहिले.

धार सुटलीच होती. पाणी माझ्या पायांवर पडलं.

"हात पुढं कर."

"न्हाई."

"ओंजळ कर म्हणून राह्यलो ना!"

"तांब्या हातात द्या. मंग पिते."

तांब्या दिला त्यानं. कपाळात दिला. भुवईवर फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. मग त्याचा लेक धावला, त्याच्यामागं गावातली पोरं. झिंज्या धरून मला ओढलं. माझ्या तोंडासमोर त्याचं मनगट आलं, मी चावले. तो बोंबलत होता, तरी सोडलं नाही. मांस दाताखाली आलं तेव्हा सोडलं. आबा मध्ये पडला, त्याच्या कोपरावर दांडा बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी दगड मारत मारत आम्हाला वस्तीपर्यंत नेलं. तेच दगड, जे आम्ही बांधासाठी डोक्यावर वाहून आणले होते. जाताना आमच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली. जीपगाडी केव्हाच निघून गेली होती. सरही तिच्यातच बसले होते.

बांध झाला. मोसंबीच्या बागेपाशी. आमची विहीर दिवाळीनंतर आटली, दरसाल आटत राहिली. आबाचा हात पुन्हा सरळ झाला नाही. माय डोक्यावर हंडे घेऊन नदीपर्यंत जात राहिली. मरेपर्यंत ती एकदाही म्हणाली नाही, की पोरी, तू बरं केलंस. मी तिच्यावर रागावले नाही. तिची माफीही मागितली नाही.

आज मी स्वतः गावोगाव जाऊन पोरांना पाणलोट शिकवते. तसाच मातीचा डोंगर, तसाच पाऊस. पण माझा वर्ग डोंगरापासून सुरू होत नाही, माठापासून होतो. बसल्याबरोबर विचारते, "हितं पाणी वरून कोणाला मिळतं रे?" पोरं माना खाली घालतात. कारभारी लोक घसा खाकरून म्हणतात, "बाई, पाण्याचं बोला की. जातीचं कायला काढता?" मी पाण्याचंच बोलत असते. सगळ्या पोरांनी एकाच माठात एकच तांब्या बुडवून प्यायचं, सरपंचाच्या पोरानंही. मगच पाऊस.

जिथं कुणी आडवं येतं, तिथं मी तो डोंगर पायानं मोडते आणि उठते. गोड बोलत नाही, समजूत घालत नाही. सरळ त्या गावच्या बौद्धवाड्यात जाऊन बसते आणि नवा डोंगर तिथं करते. ज्याला शिकायचंय त्यानं तिथं यावं. आल्यावर आधी वस्तीतल्या माठात स्वतःच्या हातानं तांब्या बुडवावा आणि सगळ्यांदेखत पाणी प्यावं. मी कुणाला वरून ओतणार नाही. तहान असेल तर येईल.