पोशीरचा तह

कर्जत स्टेशनात मी तारबाबू होतो. घाट चढायच्या आधी गाडीला मागून जादा इंजिन जोडत. तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मवर काहीतरी घडायचंच, आणि ते साठत गेलं. त्यातले धर्माचे किस्से मात्र मी अजून कुणाला नीट सांगितलेले नाहीत.

धर्मा आमचा सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा; मूळचा पोशीरचा शेतकरी. एका पावसाळ्यात स्टेशनमास्तर आम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. युरोपात पुष्कळ देशांचे वकील जमले होते. भांडण झालं तर आधी पंचांपुढे जायचं, जखमी शत्रूचीही शुश्रूषा करायची, बलूनमधून स्फोटक गोळे टाकायचे नाहीत, असा तह ठरला होता.

धर्माने विचारलं, "वरून नाय टाकायचे. मंग समोरून चालतील?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुढची बातमी घेतली.

*

दुसऱ्या दिवशी धर्मा माझ्या खिडकीशी आला. शेताच्या बांधावरून त्याचं नि धाकट्या भावाचं, कोंडूचं, सहा वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या तेराव्यालाही दोघे वेगवेगळे जेवले होते. आम्हालाही तसाच एक तह लिहून द्या, म्हणाला. मी कलमं विचारली. बांध दोघांनी मिळून घालायचा. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, एकमेकांकडे जायचं. मग तो खिडकीच्या आणखी जवळ सरकला.

"आनि एक आजारी पडला, तर दुसऱ्यानं बोलावन्याची वाट बघायची नाय. ह्ये जरा मोठ्या अक्षरात लिवा."

*

अंगठे घ्यायला मी धर्मासोबत पोशीरला गेलो. कोंडूने सगळं ऐकून घेतलं. धर्माकडे न बघता त्याने मला विचारलं, "ह्यात हरलं कोन, त्ये कुठं लिवलंय?"

तसं कुठेच लिहिलं नव्हतं. मी कागद पुन्हा वाचून दाखवला. त्याने अंगठा पुढे केला.

*

दिवाळीच्या सुमारास आफ्रिकेत लढाई सुरू झाल्याची बातमी आली. तहाला बसलेलं आपलंच इंग्रज सरकार लढत होतं. मास्तरांनी त्या दिवशी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं नाही. धर्माला सांगायचं मीही टाळलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कोंडू पोशीरहून चालत आला. नेरळच्या बाजारात लढाईचं त्याच्या कानावर गेलं होतं. पाय धुळीने भरलेले, धाप लागलेली. माझ्या खिडकीवरून तो तसाच पुढे गेला आणि रुळांच्या कडेला धर्मासमोर उभा राहिला.

"दादा, सायबांचा तह मोडला म्हनं. आपला?"

धर्माने हातातला झेंडा काखेत धरला. फडकं सोडलं आणि भाकरीचे दोन तुकडे केले.

"बस रं," तो म्हणाला. "आधी खा."