जाड तेल

"तेल जाड घाल, इंजिन नातवालेबी पुरते."

हे वाक्य गॅरेजवाला तेजराम कटंगीकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना तीस वर्षं सांगत आला होता, आणि ते खोटं नव्हतं. बैहरचा घाट चढणाऱ्या कितीतरी जीपा त्याच्या हातच्या जाड तेलावर म्हाताऱ्या झाल्या.

गेल्या पोळ्याला त्याची मुलगी श्रुतिका नागपूरहून स्वतःची नवी गाडी घेऊन बालाघाटला त्याच्या घरी आली होती. दुपारी ती जरा आडवी झाली, तेव्हा तेजरामनं तिला न विचारता गाडीतलं तेल काढलं आणि ट्रॅक्टरचं, उत्तमातलं जाड तेल भरलं. मुलीला दुसरं काय द्यावं ते त्याला सुचत नसे. बोलायला बसलं की ती हिंदीत शिरायची, तो मराठीत अडकायचा, आणि मध्ये चहा निवत राहायचा.

त्यानंतर ती आलीच नाही. रस्ता तर चार तासांचा. रविवारी गिऱ्हाईक नसलं तरी तो गॅरेज उघडून बसायचा. गाड्या येत, पुढे गोंदियाकडे जात. आवाज ऐकूनच त्याला कळायचं, ही आपली नाही.

पौषातल्या एका रविवारी सकाळी मात्र तो आवाजावरूनच उठून उभा राहिला. गाडी तिचीच होती, पण धाप लागल्यासारखी.

"बाबा, ये इंजिनचा दिवा लागला आहे. चढावर गाडी खेचतच नाही. उद्या ऑफिस आहे मला."

शेजारच्या बॅटरीच्या दुकानातून महेंद्र स्कॅनर घेऊन आला. गाडीला जोडून त्यानं पडद्यावरचा बिघाडाचा कोड वाचला. "पी झिरो झिरो वन वन. काका, कंट्रोल वॉल्व्ह गेला. नवा मागवा लागन. चार दिवस तरी धरा."

"चार दिवस!" फोन घेऊन श्रुतिका रस्त्याकडेला गेली. हिंदीत कुणाची तरी माफी मागून परत आली. "ठीक है. रुकते मी."

गॅरेजामागंच घर. त्याच्या बायकोनं, अनुसयानं, डब्याच्या तळाशी जपून ठेवलेला सुवासिक चिन्नोर तांदूळ काढला. "भलं होवो त्या वॉल्व्हचं," ती म्हणाली.

"काका, हा ट्रॅक्टर नोहे," महेंद्र जाता जाता म्हणाला. "हातोडी नका मारजा."

तेजराम एकटा उरला. कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. इंजिनाचे वॉल्व्ह कधी उघडायचे, थोडं आधी की थोडं नंतर, हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. कंट्रोल वॉल्व्ह त्याप्रमाणे तेल सोडतो, आणि तेलाच्या दाबानं वेळ पुढंमागं सरकते. ती सांगितल्या जागी सरकली नाही, एवढंच हा कोड म्हणत होता. त्यानं तेल मोजायची पट्टी ओढली. टोकाशी थेंब लोंबकळला, पाकासारखा, पडेचना.

पोळ्याला त्यानंच भरलेलं तेल या गाडीच्या बारीक वाटांना फार जाड होतं.

मग त्यानं कंट्रोल वॉल्व्ह सोडवला. त्याची बारीक जाळी काळ्या तेलानं बुजली होती. ती धुतली. बॅटरीच्या दोन तारा टेकवल्या. टुक. पुन्हा टेकवल्या. टुक. वॉल्व्हला काहीच झालं नव्हतं.

त्यानं तो पुसला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि जेवायला गेला. चार दिवस. ती राहील, कुणी विचारणार नव्हतं.

"बाबा, बैहरला जाताना तुम्ही मला जीपच्या समोर, मांडीवर बसवायचे. हॉर्न मीच वाजवायची, याद आहे?" श्रुतिका भात कालवत म्हणाली.

"हौ. माकडालेबी वाजवे तू."

ती हसली. किती दिवसांनी त्यानं ते हसू फोनशिवाय ऐकलं. मग ती म्हणाली, "पण ही गाडी विकूनच टाकते आता. आज येताना तुमसर सोडल्यावर बंद पडली होती. आजूबाजूला जंगल, कोणी नाही. अर्धा घंटा रडत बसले."

"फोन काहून नाही केला?"

"तुम्ही घाबरले असते."

तेजरामचा घास हातातच राहिला. त्यानं तो ताटात ठेवला, हात धुतला आणि उठला.

"अवो, भात तर संपवा!" अनुसया ओरडली.

जाड तेल पूर्ण निथळेपर्यंत तो गाडीखाली बसून राहिला. नवं फिल्टर लावलं. पाण्यासारखं पातळ तेल, या गाडीला लागतं ते, महेंद्रकडून आणून भरलं. वॉल्व्ह खिशातून काढून जागेवर बसवला. कोड पुसून गाडी नदीवरच्या गर्रा पुलापर्यंत नेऊन आणली. दिवा लागला नाही. इंजिन इतकं हलकं चालत होतं की ती आजच निघू शकली असती; परत येताना त्यानं वेग कमी केला.

श्रुतिका ओसरीत बसली होती. त्यानं चावी तिच्यापुढं ठेवली.

"वॉल्व्ह चांगला आहे. तेल मीच घातलतं, पोळ्याले. ट्रॅक्टरचं. तुह्या गाडीले ते चालत नाही. विकू नको."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन.

"मतलब, आज निघता येईल?"

अनुसया दारात आली. हाताला भिजवलेली डाळ लागलेली होती. "अवो, तिले थांब तरी म्हना. तुमचं आयकन ते."

श्रुतिका चावी उचलायची थांबली आणि बापाकडे बघू लागली.

तेजरामनं खांद्यावरचा फडका काढला, घडी करून खुंटीला लावला, आणि "तूच ठरव," म्हणत बाहेर निघून गेला.